तापलेलं दूध

मातुरीनला पुरून आम्ही चर्चच्या आवारातून बाहेर पडत होतो. बुटांची माती अजून ओली होती. तेवढ्यात घंटा वाजवणाऱ्याची बायको सुनेच्या कानाशी लागली. "हीच ती, राजकन्येला वारं लावून मारलं ती दाई." हळू बोलली, पण मला ऐकू येईल इतपत हळू. मी वळले आणि तिला म्हटलं, बये, जिभेला हाड नसतं हे खरं, पण निदान माणूस जमिनीत मुरेपर्यंत तरी दम धर. ती खाली बघत निघून गेली. तिच्या सुनेच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट दिसत होतं, की घरी गेल्यावर सगळी गोष्ट तिखटमीठ लावून ऐकायला मिळणार. म्हणून म्हटलं, ती गोष्ट एकदा मीच सांगते. मीठ माझ्याकडेही आहे.

राजवाड्याजवळच्या आमच्या व्हिरोफ्ले गावात आमची दोघींची घरं एका भिंतीची. मी परटीण. तिचा नवरा जिल्बेर घरं शाकारायचा. मातुरीन उंच, रुंद हाडाची, तपकिरी केसांची, आणि आवाज असा की जिल्बेर गल्लीच्या टोकाला छपरावर असला तरी ती चुलीपाशी उभी राहून त्याला जेवायला बोलवायची. राग नाकावर. एकदा खाटकाने मटणापेक्षा हाडं जास्त घातली, तर ही ती हाडं पदरात घेऊन त्याच्याच दुकानासमोर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक उचलून दाखवत राहिली. शेवटी खाटकाने अर्धी कलेजी देऊन तिला उठवलं. कलेजी तिने मला दिली, कारण तिला कलेजी आवडायची नाही. भांडण आवडायचं.

रेमी जन्मला त्या हिवाळ्यात जिल्बेर छपरावरून पडला आणि पायाने अधू होऊन बसला. त्याच सुमारास राजाच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि राजवाड्यातून बाळाला पाजायला दाया बघत माणसं फिरत होती. मातुरीन गेली. तिथल्या डॉक्टरांनी तिचे दात मोजले, केस उजेडात धरून त्यात दूध बिघडवते म्हणतात ती लाल छटा नाही ना ते पाहिलं, दूध पेल्यात घेऊन चाखलं. एकाने तर तोंडात घोळवून दुसऱ्याकडे पाहून मान डोलावली, म्हणे. मग विचारलं, स्वभाव कसा? आमच्या पाद्रीबाबांनी लिहून दिलं की बाई गरीब गाय आहे. त्यांना जिल्बेरची काळजी होती, शिवाय मातुरीन वर्षभर गावाबाहेर राहिली तर त्यांच्या कानांनाही विश्रांती होती. खोटं बोलल्याचं मोल त्यांनी दोन्हीकडून वसूल केलं.

रेमीला मी ठेवून घेतलं. माझी थोरली तेव्हा अंगावरच होती, दुधाला तोटा नव्हता. एकीकडे ती, एकीकडे तो. माझं दूध पिऊन तो वाढला. आणि मी काही शांत बाई नाही, हे एव्हाना कळलंच असेल.

रविवारी प्रार्थना झाली की मी रेमीला घेऊन राजवाड्याच्या स्वयंपाकघराकडच्या फाटकाशी जायचे. मातुरीनला तिथपर्यंत यायची मुभा होती. पण मुलाला पाजायचं नाही, नुसतं बघायचं. ते दूध राजघराण्याचं. ती रेमीच्या गालाला बोट लावायची आणि मग माझ्यासमोर आठवडाभराचं सगळं ओकायची. कारण आत तिला रागवायची मनाई होती. थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे राजघराण्यातल्या मुलांवर नेमलेल्या त्या सरदारीणबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की दाई रागावली की तिचं दूध तापतं आणि तापलेलं दूध बाळाच्या मेंदूत चढतं. तेव्हा काही झालं तरी हसतमुख राहायचं. मातुरीनला हसतमुख राहायला सांगणं म्हणजे चिमणी पेटवून धूर काढू नको म्हणणं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फाटकाशी ती मनसोक्त शिव्या द्यायची, कपाळ पुसायची आणि म्हणायची, "चल, झालं दूध थंड. जाते आत."

राग कशाचा, तर तिथं प्रत्येक गोष्टीला एकेक मानकरीण होती. पाळणा हलवायचा मान एकीचा. बाळाला उचलून लोकांना दाखवायचा मान थोरल्या बाईसाहेबांचा. मातुरीनचा मान दुधापुरता. बाळ तिच्या मांडीवर ठेवलं जायचं, पिऊन झालं की उचललं जायचं. तिने आपण होऊन उचलायचं नाही. आणि बाळाला खांद्यापासून टाचेपर्यंत पट्ट्यांनी आवळून बांधायचं आणि सोडायचं, हा मान होता फ्रेमिकूरबाईंचा. त्यांच्या आईचा तोच मान, आजीचा तोच. तीन पिढ्या राजघराण्याचं ढुंगण पुसून त्यांच्या मानेत ताठा आला होता. बाई दुष्ट नव्हती. बाळाशी बोबडं बोलायची, हात मऊ होते म्हणे. पण त्या पट्ट्यांना दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तर आपल्या गळ्याला हात घातल्यासारखं तिला व्हायचं.

पोरीला नाव नव्हतं. राजघराण्यातल्या पोरींना जन्मल्यावर घाईने पवित्र पाणी शिंपडतात, नावाचा सोहळा पुढे सवडीने होतो. तोवर सगळे तिला वाकून "मादाम" म्हणायचे. वीतभर पोर, आणि मादाम. मातुरीन तिला कानात "पिसू" म्हणायची, आम्ही गावात आमच्या पोरांना म्हणतो तसं. पिसू तिचा आवाज ओळखायला लागली होती. दुधाची वेळ झाली की मातुरीन दाराबाहेर खाकरली तरी आत पोर मान वळवायची. मान तेवढी वळवता यायची तिला.

उन्हाळा लागला तेव्हा एकदा पिताना पोर कासावीस झाली. मातुरीनने गळ्याजवळची पट्टी सैल करून तिचा एक हात बाहेर काढला. पोरीने तो हात तिच्या छातीवर ठेवला आणि शांत प्यायली. बस्स, एवढंच. फ्रेमिकूरबाईंनी रडून आकाश पाताळ एक केलं. थोरल्या बाईसाहेबांनी मातुरीनला गुडघ्यांवर बसवून त्यांची माफी मागायला लावली आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी घरी. त्या रविवारी फाटकाशी मातुरीनने एकही शिवी दिली नाही. मग म्हणाली, "माफी मागितली गं मी. घरी घालवलं तर पिसूला कोण आहे?" मला वाटलं होतं ती जिल्बेरच्या पायाचं नाव घेईल.

आता ऑगस्टमधला तो दिवस. हे मी पाहिलेलं नाही. पण मातुरीनने मला ते इतक्या वेळा सांगितलंय आणि दर वेळी इतकं तेच, की त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही.

पोरीला दात येत होते, आदल्या दिवसापासून अंग कढत होतं. पहाटे फ्रेमिकूरबाईंनी तिला बांधलं आणि गावातल्या आपल्या बिऱ्हाडी गेल्या. तिथं त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं जुनं दुखणं उपटलं आणि त्यांना पाऊल टेकवेना. हाताखाली दोन बायका होत्या. पण त्यांच्यात पहिली कोण आणि दुसरी कोण यावरून वर्षभर वाद चालला होता आणि तो दरबारात निकालासाठी पडून होता. एकीने पट्टी सोडली असती तर तीच पहिली ठरली असती. म्हणून दुसरी तिला सोडू देईना. दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींच्या हातांवर नजर ठेवून होत्या. मध्ये पोर टाहो फोडत होती.

खिडक्या बंद, बाहेर ऊन. पोर ओली, पट्ट्या ओल्या, वरून उबेची दुलई. मातुरीनच्या मांडीवर दिली तेव्हा ती प्यायली नाही, नुसती तोंड फिरवत राहिली. मातुरीन म्हणाली, हिला मोकळी करा. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, फ्रेमिकूरबाईंकडे माणूस पाठवलाय. माणूस परत आला, बाई येताहेत, दुसऱ्या कुणी हात लावू नये असं सांगितलंय. मातुरीन पुन्हा म्हणाली. बाईसाहेबांनी बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाल्या, तू रागावतेयस, तुझं दूध तापेल.

डॉक्टर आले. तिघे. ताप उतरायला रक्त काढावं यावर तिघांचं एकमत झालं. कुठून काढावं यावरही झालं, पायातून. आणि पाय तर पट्टीत. म्हणजे फ्रेमिकूरबाई येईपर्यंत तेही अडलं. डॉक्टर बाजूच्या खोलीत जाऊन थंड सरबत घेत बसले. त्या सगळ्या दिवसात त्या दळभद्री नियमाने केलेलं तेवढंच एक पुण्य.

दिवस कलायला आला तेव्हा पोरीचं रडणं नुसतं किरकिरीवर आलं. ओठ सुकले. पाळणा हलवणारी हलवत होती, तिचं काम चोख चालू होतं. मातुरीनने मला सांगितलं, "निकोलेत, त्या खोलीत आम्ही सगळ्या लेकरांच्या आया होतो गं. एकूण एक बाई. सगळ्यांना कळत होतं." मग ती उठली, शिवणाच्या टोपलीतली कात्री घेतली, पोरीला पाळण्यातून उचललं आणि गळ्यापासून टाचेपर्यंत पट्ट्या सरळ कापून काढल्या. कुणी ओरडलं नाही. त्या दोघी तर, मातुरीन म्हणाली, सुटल्यासारख्या दिसल्या, कारण दोघींपैकी कुणीच पहिली ठरली नाही.

पोरीचं अंग लालबुंद झालं होतं, पट्ट्यांचे वळ उठले होते. मातुरीनने तिला आपल्या ओल्या पदराने पुसलं. पोरीने पाय पोटाशी घेतले, लांब केले, पुन्हा घेतले. मग एक लाथ मारली, मातुरीनच्या बरगडीवर, आणि हसली. आवाज करून हसली. आणि प्यायली. पोटभर प्यायली.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. पाय मोकळे आहेत हे त्यांनी पाहिलं.

मातुरीनला दोन सेवकांनी धरून ठेवावं लागलं. तिघांनी मिळून त्या वीतभर पायातून रक्त काढलं, आणि बरं वाटेना म्हणून पुन्हा काढलं. उजाडता उजाडता पोर गेली. फ्रेमिकूरबाई खुर्चीत बसून आल्या त्या तिला शेवटचं बांधायला. तो मान त्यांचाच होता, तो त्यांना मिळाला.

मग खापर फोडायला डोकं हवं होतं. डॉक्टर म्हणाले, दाई रागावली, दूध तापलं. बाईसाहेब म्हणाल्या, दाईने पट्ट्या कापल्या, पोर गारठली. एकाच पोरीला एकाच दिवशी तापवूनही मारलं आणि गारठवूनही मारलं, आणि त्या सबंध दरबारात एकालाही हसू आलं नाही. मातुरीन पायी घरी आली. माझ्या दारात उभी राहिली. चोळी दुधाने भिजली होती. मी रेमीला तिच्या हातात दिला, तर त्याने तोंड फिरवून माझ्याकडे हात पसरले. तिने त्याला परत माझ्याकडे दिलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "मी कापलं नसतं तर त्यांना पाय सापडला नसता."

हेच ते. गाव म्हणतं वारं, दरबार म्हणतो दूध. मातुरीन मनात वेगळंच घेऊन जगली. मी म्हणायचे, अगं ते लांडगे फ्रेमिकूरबाईंच्या येण्याचीच वाट बघत होते, त्यांनी कसाही पाय गाठला असता. ती मान हलवायची. पटल्यासारखी नाही, मी दमू नये म्हणून.

चार दिवसांनी ती काळा घागरा घेऊन माझ्याकडे आली. म्हणजे घागरा निळा होता, काळा करून दे म्हणाली. मी अक्रोडाची सालं घालून माझ्या धुण्याच्या हंड्यात तो उकळला. तो घालून ती रविवारी चर्चमध्ये गेली आणि गावात कुजबुज सुरू झाली. कारण राजवाड्यात सुतक नव्हतं. सात वर्षांच्या आतलं मूल गेलं तर दरबार काळं नेसत नाही. मूल थेट देवाकडे गेलं, त्याचं दुःख कसलं? पोरीचं शव चिरून काळीज वेगळ्या डबीत घालून एका मठात पाठवलं, बाकीची पोर दुसरीकडे पुरली, आणि त्याच संध्याकाळी पत्त्यांचे डाव बसले, रोज बसतात तसे. मग दाईने काळं नेसावं हा कसला आगाऊपणा? पाद्रीबाबा स्वतः सांगायला आले, की मातुरीन, आईच्या अंगावर नाही ते तुझ्या अंगावर बरं दिसत नाही. ती म्हणाली, "बाबा, मग आईला सांगा." ते आल्या पावली गेले.

आणि मग ती आईच आली.

सप्टेंबर असेल. पॅरिसच्या रस्त्याला लागून ओढा आहे, तिथं मी चादरी आपटत होते आणि मातुरीन माझ्याबरोबर पिळायला बसली होती. पुढे कुणाची तरी गवताची गाडी आडवी झाली होती, म्हणून राजवाड्याची बग्गी नेमकी आमच्यासमोर थांबली. खिडकीत राजाची धाकटी सून. विशीचीसुद्धा नसेल. अंगावर कोवळ्या सफरचंदाच्या रंगाचं रेशीम. शेजारी कुणी सरदारीण. धाकट्या सूनबाईंनी काळा घागरा पाहिला आणि त्या सरदारणीला काहीतरी म्हणाल्या. सरदारणीने आम्हाला विचारलं, कुणाचं सुतक?

मातुरीन उभी राहिली. "यांच्या मुलीचं," ती म्हणाली.

सरदारणीने पडदा ओढायला हात घातला. सूनबाईंनी तो हात धरला.

"आम्हाला सुतक नाही," त्या म्हणाल्या. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा.

"मला आहे."

गवताची गाडी अजून हलत नव्हती. सूनबाई खिडकीतून थोड्या पुढे आल्या. आवाज अगदी बारीक होता. "त्या दिवशी ती सकाळपासून रडत होती. मग एकदम थांबली आणि हसल्यासारखं ऐकू आलं. ते काय होतं?"

मातुरीनचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"माझी खोली खालीच आहे."

"हसलीच ती. पाय मोकळे झाले म्हणून. मला लाथ मारली, इथं." तिने बरगडीवर हात ठेवला. सूनबाई त्या जागेकडे बघत राहिल्या, डोळे न हलवता.

मग मातुरीनचा आवाज चढला. इतके महिने फाटकाशी माझ्यापुढे ओतलेला सगळा राग आता त्याच्या खऱ्या मालकांपुढे आला. "सकाळपासून ऐकू येत होतं, तर वर का नाही आलात, मादाम? तुम्ही आई होतात. तिथं तुम्हाला कोण नाही म्हणणार होतं? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला कात्रीसुद्धा लागली नसती."

सरदारणीचा चेहरा पांढरा पडला. मागे उभा असलेला सेवक खाली उतरला. मी चादर हातात धरून उभी, आता हिला फरपटत नेणार म्हणून.

"आले होते," सूनबाई म्हणाल्या. "जिना चढून दारापर्यंत आले होते. दार बंद होतं."

"मग उघडायचं."

त्यांनी मातुरीनकडे पाहिलं. तोऱ्याने नाही, खोटेपणाने नाही. तिचं बोलणं खरोखरच कळलं नाही असं पाहिलं.

"दार दारवान उघडतो," त्या म्हणाल्या. "तो जेवायला गेला होता."

गाडी हलली आणि बग्गी गेली. मी चादर दगडावर आपटली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. हात नव्हते का तिला? त्या हातांनी पंखा धरते, पत्ते वाटते, पोरगी पलीकडे मरतेय आणि ही कडीकडे बघत उभी? मातुरीन खाली बसली. म्हणाली, "गप गं निकोलेत. पोर आहे ती." मी म्हटलं, पोर वर होती, मातुरीन, पाळण्यात. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. ती त्या सूनबाईसाठी रडत होती, हे मला तेव्हाही कळलं आणि तेव्हाही सोसलं नाही. तिला त्या बाईची कीव आली. मला नाही आली, आणि मी मरेपर्यंत येणार नाही. पण मी उठले, माझ्या घराचं दार उघडलं, तिच्या घराचं दार ढकललं आणि आत गेले.